शेवळं, काकडं आणि आमचा कॅमेरा

(कळंब, ता. कर्जत, जि. रायगड येथील बचत गटाच्या समन्वयकांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)



आम्ही कर्जत तालुक्यातल्या कळंबहून बोलतोय. आत्ता तुमच्यापैकी कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी गोठ्यातून नुकतीच घरात आली असेल, कुणी गटाचं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसली असेल. हातातलं काम थांबवू नका. रेडिओची हीच तर सोय आहे, कान इकडे आणि हात कामात. आज मात्र आम्ही ज्या कामाबद्दल बोलणार आहोत, त्यात हात, कान आणि डोळे तिन्ही एकाच जागी लावावे लागतात. ते काम म्हणजे कॅमेऱ्याने व्हिडिओ काढणं.

आमच्या गटाने कॅमेरा घेतला त्याला हा तिसरा पावसाळा. तालुक्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका भाऊंनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर विकायला काढला. आम्ही बैठकीत विषय मांडला, तेव्हा एक मावशी सरळ म्हणाल्या, "एवढ्या पैशात दोन शेळ्या येतील. शेळी दूध देईल, करडं देईल. हा कॅमेरा काय देणार?"

प्रश्न रास्त होता. बचतीतला रुपया कसा जमतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणून असं ठरलं की आधी शिकायचं, काम करायचं आणि दर वर्षाच्या शेवटी मावशींनीच हिशेब घ्यायचा. त्या हिशेबाचं काय झालं ते शेवटी सांगू.

दुसरा प्रश्न आला तरुण मुलींकडून. "मोबाईलवर व्हिडिओ निघतो की! कॅमेरा कशाला?" याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे, त्यांनी मोबाईलवरच सुरुवात करावी. उत्तर प्रदेशात चित्रकूट भागात २००२ साली 'खबर लहरिया' नावाचं पत्र बायकांनी सुरू केलं. पुढे त्याच बायका मोबाईल घेऊन गावोगाव बातम्यांचे व्हिडिओ काढू लागल्या. त्यांच्यावर निघालेला माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. तेव्हा मोबाईल काही कमी नाही. कॅमेऱ्याचा फायदा एवढाच की अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो जास्त बरं चित्र घेतो, लेन्स बदलता येते, चांगला माइक जोडता येतो आणि चित्रण चालू असताना मध्येच कुणाचा फोन येत नाही.

तसं पाहिलं तर सिनेमाचं काम आमच्या भागाला नवं नाही. नितीन देसाई यांनी २००५ साली कर्जतच्या परिसरात एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'चे मोठमोठे सेट तिथे लागले. पण कॅमेऱ्यापुढून जाणं वेगळं आणि कॅमेऱ्यामागे उभं राहणं वेगळं. मागे उभं राहायची वेळ आपल्यावर कधी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

खरं तर बायका कॅमेऱ्यामागे पहिल्यापासून आहेत. दादासाहेब फाळक्यांचं नाव आपण शाळेत शिकलो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावात लागला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून ते साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. पण पडद्यामागे एक बाई होती, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी दागिने दिले, रात्र रात्र बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडली, फिल्म धुवायचं काम शिकून घेतलं आणि वर सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. या सिनेमाच्या आधी फाळक्यांनी एक छोटं चित्रण केलं होतं, वाटाण्याचा दाणा रुजून त्याचा वेल कसा होतो ते. रोज थोडं थोडं चित्र घेत ते महिन्याहून जास्त दिवस त्या कुंडीपाशी थांबले. आपल्या मातीतला चित्रपट दाणा रुजण्यापासून सुरू झाला, हे ऐकून आमच्या गटातल्या शेतकरी बायकांना फार बरं वाटलं. रुजण्याची वाट बघणं आपल्याला जमतंच.

पुढे १९८४ साली अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संस्थेत बायकांनी व्हिडिओ शिकला. शिकवायला न्यूयॉर्कहून मार्था स्टुअर्ट आल्या होत्या. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. बटणावरची अक्षरं वाचता आली नाहीत, तर त्यांनी बटणांच्या खुणा पाठ केल्या. आम्ही हे गटात सांगितलं, तेव्हा अंगठा करणाऱ्या एका ताईंनी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला.

आता आम्ही काय शिकलो ते सांगतो.

पहिल्याच दिवशी आम्हाला वाटलं, कॅमेरा बिघडला. डोळा लावायच्या खिडकीतून सगळं छान दिसत होतं आणि व्हिडिओ सुरू केला की अंधार! मग भाऊंनी समजावलं. या कॅमेऱ्याच्या आत एक आरसा असतो. फोटो काढेपर्यंत तो आरसा समोरचं चित्र खिडकीकडे पाठवतो. व्हिडिओ घेताना आरसा वर उचलला जातो आणि चित्र मागच्या पडद्यावर दिसतं. म्हणजे व्हिडिओला खिडकीत डोळा घालायचाच नाही, मागचा पडदा बघायचा.

दुसरी गोष्ट हाताची. आमचं पहिलं चित्रण पाहताना सगळ्यांना बोट लागल्यासारखं झालं. कॅमेरा इकडून तिकडे, वर-खाली, मध्येच जवळ, मध्येच लांब. आता आमचा नियम असा आहे. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवायचा. तो नसेल तर भिंतीला पाठ टेकायची, कोपर पोटाशी घट्ट धरायचे. एक चित्र सुरू केलं की मनात सावकाश दहा आकडे मोजायचे आणि तोवर कॅमेरा हलवायचा नाही. चुलीवर दूध ठेवल्यावर उभं राहतो ना, तसं उभं राहायचं. मग बंद करायचं, जागा बदलायची, पुन्हा दहा आकडे.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपली स्वयंपाकघरं अंधारी, एकच खिडकी आणि चूल नेमकी खिडकीखाली. बाई चुलीपाशी बसली आणि आपण समोरून चित्र घेतलं, की खिडकी पांढरीफटक आणि बाईचं तोंड काळं. उपाय साधा आहे. उजेड आपल्या पाठीशी किंवा बाजूला हवा, तिच्या पाठीशी नको. तिला थोडं वळून बसायला सांगायचं. चूल वळत नाही, पण आपण तर उठून दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो.

कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायच्या तीन किल्ल्या असतात. पहिली लेन्सच्या भोकाची, म्हणजे दार किती उघडायचं. इथे गणित उलटं आहे. आकडा लहान असेल तर भोक मोठं, आकडा मोठा असेल तर भोक बारीक. भोक मोठं केलं की उजेड भरपूर, पण नाक स्पष्ट आणि कान धूसर असं होऊ शकतं. दुसरी किल्ली शटरची, म्हणजे डोळ्याची पापणी किती वेळ उघडी ठेवायची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. म्हणून आम्ही व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा ठेवतो आणि शटर ५० वर. हे केलं नाही तर ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे फिरतात. आम्ही एका सभेचं अख्खं चित्रण असंच पट्ट्यापट्ट्यांचं केलं होतं. तिसरी किल्ली आयएसओची. ती तिखटासारखी आहे. उन्हात १०० पुरे. अंधारात वाढवावी लागते, पण जास्त झाली की चित्रावर रवाळ ठिपके येतात. आणि भर दुपारच्या उन्हात चित्रण करूच नये. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. एरवी झाडाची सावली बरी.

चौथी गोष्ट आवाजाची, आणि आम्ही म्हणू की हीच सगळ्यात मोठी. चित्र थोडं खराब असलं तरी माणसं बघतात, आवाज खराब असला की उठून जातात. कॅमेऱ्याच्या अंगचा माइक सगळंच ऐकतो, पंखा, शेजारचा मिक्सर, कोंबडा, रस्त्यावरची टमटम. म्हणून आम्ही कपड्याला लावायचा छोटा माइक घेतला. तो पहिल्यांदा लावला तेव्हा पूर्ण मुलाखतभर खुळखुळ खुळखुळ. शोधलं तर मंगळसूत्राचे मणी माइकवर घासत होते! आता माइक मणी लागणार नाहीत असा खांद्याजवळ पदरावर लावतो, बांगड्या थोड्या मागे सरकवायला सांगतो, आणि सुरुवातीला एक मिनिट चित्रण करून ऐकून बघतो. ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पाचवी गोष्ट कॅमेरा किती उंचीवर धरायचा. ही आम्हाला पस्तापूरच्या बायकांनी शिकवली. त्या आम्हाला भेटल्या नाहीत, आम्ही त्यांच्याबद्दल वाचलं. तेलंगणात जहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमातल्या दलित शेतकरी बायका व्हिडिओ काढतात. वरंगळच्या शेतकऱ्यांचं बीटी कापसात काय झालं, यावर त्यांनी शेतोशेती जाऊन चित्रण केलं. २००८ पासून त्यांचा स्वतःचा संघम रेडिओही आहे. इंग्रजी शब्द पाठ करण्याऐवजी त्यांनी स्वतःची नावं ठेवली. वरून खाली बघणारं चित्र म्हणजे 'पटेल शॉट', कारण जमीनदार उंचावर बसून मजुराकडे तसं बघतो. खालून वर बघणारं चित्र म्हणजे गुलामाचं बघणं. आणि डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीचं चित्र म्हणजे 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या एकाच पातळीवर बसतात.

आपल्या गटातही सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात. म्हणून खाली बसलेल्या बाईचं चित्र घ्यायचं तर आपणही खाली बसायचं. लावणी करणाऱ्या बाईचं घ्यायचं तर चिखलात उतरायचं.

लावणीवरून आठवलं, ते सांगायलाच हवं. पहिल्या जुलैमध्ये आम्ही उत्साहाने बांधावर उभं राहून लावणीचं चित्रण केलं. ओणवलेल्या बायका, ओले कपडे, आणि कॅमेरा त्यांच्या पाठीमागे. आमच्या मनात काही नव्हतं. हिरवं शेत छान दिसत होतं, म्हणून ग्रुपवर टाकलं. ते कुठून कुठे गेलं आणि नाक्यावरची मुलं हसत बघत बसली. त्यातली एक नवी सून होती. तिच्या सासरी त्यावरून बोलणी झाली. आम्ही घरी जाऊन माफी मागितली, व्हिडिओ काढून टाकला. पण एकदा गेलेलं परत गोळा होत नाही.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. आधी विचारायचं. काय काढलं ते तिथेच तिला दाखवायचं. आणि ती "हे नको" म्हणाली तर तिच्यासमोरच पुसायचं, "का?" असं विचारायचं नाही. लावणी आता समोरून घेतो, चेहरे आणि रोपं धरलेले हात दिसतील असं. एखाद्या बाईवर अत्याचार झाला असेल तर तिचं नाव, चेहरा, घर काहीही दाखवायचं नाही. ती ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आजचं हे भाषण आहे, ती सांगतो.

सगळ्यात आधी आम्ही भाताच्या बियाण्याचा व्हिडिओ केला होता. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं, पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत सुकवायचं. तो व्हिडिओ चांगला झाला. तरंगणारे दाणे अगदी जवळून दिसले. दोन-तीन गावांतल्या बायकांनी तो बघून बी तयार केलं. आम्हाला वाटलं, आपल्याला आलं सगळं.

मग जूनच्या सुरुवातीला शेवळं आली. आपल्याकडे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला रानात जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, ती शेवळं. दोन-तीन आठवडे मिळतात, मग संपलं ते पुढच्या वर्षापर्यंत. ठाकूर आणि कातकरी बायका पहाटे रानात जाऊन ती काढतात आणि जुड्या बांधून नेरळ, कर्जत, कल्याणच्या बाजारात नेतात. भाजी मटणासारखी चविष्ट. पण शेवळं खाजरी असतात. म्हणून आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडांचा रस घालतात. काकडं म्हणजे रानातली छोटी हिरवी आंबट फळं. ती घातली की खाज मरते. बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडं मिळतात ती त्यासाठीच.

जवळच्या ठाकूरवाडीतल्या एका आजींकडे आम्ही गेलो. आजींनी रानापासून ताटापर्यंत सगळं दाखवलं. आम्ही दोन तास चित्रण केलं. आजी सावकाश बोलतात, मध्येच जुन्या आठवणी सांगतात, दुष्काळात काय खाल्लं ते सांगतात, पुन्हा भाजीवर येतात. घरी येऊन आम्ही एडिटिंगला बसलो. मोबाईलवर लोक लांबलचक बघत नाहीत, असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून दोन तासांचं चार मिनिटांवर आणलं. भाजी फोडणीला पडते, लाल तेल वर येतं, आजी हसतात. सुंदर दिसत होतं. आम्हीच चार-पाच वेळा बघितलं.

आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या एका वहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे ही भाजी करायची रीत नव्हती. आमचा व्हिडिओ बघून त्यांनी बाजारातून शेवळं आणली, काकडं बाजूला ठेवली, कारण व्हिडिओत ती नव्हतीच. भाजी खाल्ली आणि घरातल्या सगळ्यांचे घसे खाजायला लागले. लहान पोर रडून रडून लाल झालं. ताक प्यायले, चिंचेचं पाणी प्यायले, रात्री उशिरा कमी झालं. सासू म्हणाली, "रानटी लोकांचं बघून कशाला केलंस?"

आम्ही मूळ चित्रण काढून पाहिलं. आजींनी काकडं ठेचली होती, पिळली होती. एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं, "काकडं विसरलीस तर गळा धरेल." पण हे त्या सांगत होत्या ते एका जुन्या गोष्टीच्या मधोमध, त्यांच्या लग्नातली कुणी नवी सून काकडं घालायला विसरली त्या गोष्टीत. आम्हाला ती नुसती गोष्ट वाटली. लांबते म्हणून आम्ही ती कापली. आणि काकडं ठेचतानाचं चित्र थोडं अंधारं आलं होतं, म्हणून तेही टाकलं. जे सुंदर दिसलं ते ठेवलं आणि ज्यावर सगळं अवलंबून होतं ते फेकलं.

व्हिडिओ लगेच काढला. वहिनींची माफी मागितली. मग आजींकडे गेलो, कारण नाव त्यांचं होतं. त्यांना सगळं कळलं होतं. बाजारात कुणीतरी त्यांना टोचून बोललं होतं. आजी रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "भाजीला नाव माझं लावलंत. बोलणं मात्र तुमचं ठेवलंत."

आम्ही विचारलं, पुन्हा करून दाखवाल का? तर त्या म्हणाल्या, "आता कुठली शेवळं?" खरंच, हंगाम संपला होता. चूक करायला आम्हाला एक संध्याकाळ लागली आणि ती दुरुस्त करायला पूर्ण वर्ष थांबावं लागणार होतं.

ते वर्ष आम्हाला शिकवून गेलं. आम्ही काम करायची पद्धत बदलली. आता कुठल्याही कृतीचं चित्रण करण्याआधी, जी बाई करून दाखवणार तिच्यापाशी बसून सगळ्या पायऱ्या कागदावर लिहितो. लिहिता येत नसेल तिथे खडे मांडतो, एका पायरीला एक खडा. प्रत्येक पायरीची तीन चित्रं घेतो. लांबून, कुठे बसलीय ते दिसेल असं. मधून, बाई आणि तिचं काम दिसेल असं. आणि जवळून, नुसते हात. मग तिला विचारतो, "यातलं काय चुकलं तर नुकसान होईल?" ती जे सांगेल ते व्हिडिओत राहणारच, अंधारं असो की लांबलेलं असो. आणि एडिटिंग झालं की पहिला प्रयोग तिच्या अंगणात. तिने हो म्हटल्याशिवाय तो कुठेही जात नाही. कच्चं चित्रणही आम्ही आता पुसत नाही, दोन ठिकाणी जपून ठेवतो.

मधल्या काळात आजींचं मन वळवायला आम्ही गेलो असं नाही. नुसतं जात राहिलो. गौरीला गेलो, भात झोडताना गेलो. कॅमेरा नेला नाही. त्यांच्या नातीला शिकायचंय असं कळलं, तेव्हा ती आमच्याकडे यायला लागली. पुढच्या जूनमध्ये पहिली सर पडली आणि निरोप आला, "शेवळं आलीत. कॅमेरा घेऊन या."

त्या वेळी चित्रण आजींच्या नातीने केलं. आजींची नजर आता कमी झालीय, त्यामुळे चिरायला सून बसली आणि आजी बोलल्या. नातीला त्यांची भाषा कळत होती, कुठे थांबायचं ते कळत होतं. लग्नातली ती गोष्ट पूर्ण आली. व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला आणि शेवटपर्यंत बघितला गेला, कारण गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी उठलं नाही. ज्या वहिनींच्या घरी घसे खाजले होते, त्यांना आम्ही तो आधी पाठवला. त्यांनी भाजी केली. सासूने दोनदा वाढून घेतली म्हणे. सासू पुढे काही बोलली की नाही, ते वहिनींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

जाता जाता कॅमेरा सांभाळण्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे पाऊस धो धो आणि हवा दमट. अशा हवेत लेन्सला आतून बुरशी लागते आणि ती लागली की काढणं महाग पडतं. आम्ही घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. तांदळात ठेवू नका, त्याची पूड आत जाते. पावसातून घरात आणला की लगेच लेन्स काढू नका. लेन्स पदराने पुसू नका, मऊ स्वच्छ कापड वेगळं ठेवा. बॅटरी आदल्या रात्रीच चार्ज करा, आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. मोठी सभा असेल तर लक्षात ठेवा, बरेचसे असे कॅमेरे सलग अर्ध्या तासाच्या आतच आपोआप थांबतात, काही त्याहूनही लवकर. मधून मधून बघत राहायचं. आणि कॅमेरा कुणाच्या घरी आहे, कधी नेला, कधी आणला, याची गटाच्या रजिस्टरमध्ये सहीनिशी नोंद. कर्जाची नोंद ठेवतो तशीच. वर्षानुवर्षं एकीच्याच घरी राहिला की तो तिचा होतो, गटाचा राहत नाही.

आता मावशींचा हिशेब. बारशी, हळदीकुंकू, शाळेचं संमेलन अशा चित्रणातून थोडे पैसे गटात आले. दर वर्षी मावशींनी वही मांडून बेरीज केली. या वर्षी त्या म्हणाल्या, "दोन शेळ्यांचे पैसे अजून निघालेले नाहीत." आम्ही गप्प बसलो. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "विकू नका मात्र. आमच्या माहेरी नाचणीची आंबील एका पद्धतीने करतात. ती येणारी आता माझी वहिनी एकटीच राहिलीय. कधी येताय ते सांगा."

आम्ही या महिन्यात जाणार आहोत. खडे बरोबर नेणार आहोत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं काम असेल, जे एक-दोन हातांतच उरलंय. बैठकीत नुसता विषय काढून बघा, कुणाला काय येतं. आधी यादी करा, कॅमेऱ्याचं नंतर बघता येईल. मोबाईल तर घरात आहेच. आणि जिचं काम दाखवणार, तिचं बोलणं कापायच्या आधी तिला एकदा विचारा.

एवढं बोलून थांबतो. नमस्कार.